नोझल कंपनीचे की बाहेरचे?
पिकअपचा इंजेक्टर बदलण्यापूर्वी सभासद बंधूंनी ध्यानात घ्यावयाच्या गोष्टी



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या सर्वांचे लक्ष तोडीची तारीख, टोळी, वजनकाटा आणि उतारा यांच्याकडे लागते. दारात उभ्या असलेल्या पिकअपकडे मात्र ती बंद पडेपर्यंत कोणी बघत नाही. वास्तविक आज बेणे आणायचे, खताची पोती आणायची, दूध डेअरीला घालायचे, ट्रॅक्टर फडात अडकला तर त्याचा पार्ट तालुक्याहून आणायचा, ही सगळी कामे हीच गाडी करते. पूर्वी बैलजोडी आजारी पडली की घर थांबायचे, आता पिकअप थांबली की थांबते. आणि हल्ली पिकअप थांबण्याचे एक मोठे कारण म्हणजे इंजेक्टर, ज्याला आपण सरसकट 'नोझल' म्हणतो.

हा विषय निवडण्याचे कारण घरचेच आहे. ते आधी सांगतो.

आमची गाडी कशी बसली

आमची पिकअप बीएस-चार मापाची, चार सिलिंडरची. ऐन हंगामात एके दिवशी पहाटे ती सुरूच होईना. सेल मारून मारून बॅटरी उतरली. ढकलून सुरू केली, तालुक्याला नेली. तपासणीत एक इंजेक्टर गेल्याचे निघाले. गॅरेजवाल्याने दोन भाव सांगितले. एक कंपनीचा, आणि दुसरा जवळजवळ निम्म्या किमतीचा. दोघांचा खोका लांबून सारखाच दिसत होता. "चालतंय की, सगळे हाच टाकत्यात," असे तो म्हणाला. आम्हीही घाईत होतो. निम्म्या भावाचा टाकला आणि घरी आलो.

गाडी सुरू झाली, पळूही लागली. फक्त उभी असताना थोडी खडखड करायची. धाकटा भाऊ रोज ऑईल बघतो. आठ-दहा दिवसांनी पट्टी बाहेर काढून तो हसत म्हणाला, "दादा, ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय. चांगलंच झालं की!" मीही हसलो. ते हसणे फार महागात पडले. पुढे महिन्याच्या आत भरल्या गाडीनिशी चढाला इंजिनाने मोठा आवाज केला आणि ती जागेवर थांबली. इंजिन खोलले तेव्हा तिसऱ्या पिस्टनच्या डोक्याला भोक पडलेले होते. नवा इंजेक्टर तिथेच बसवला होता. त्या वर्षीचा उसाचा पहिला हप्ता सोसायटीऐवजी इंजिनाच्या कामाला गेला.

त्यानंतर एका जुन्या डिझेल पंप मिस्त्रींकडे ते चारही इंजेक्टर घेऊन गेलो. त्यांनी ते मशीनवर लावले, आकडे दाखवले आणि एकच गोष्ट सांगितली, "मालक, खोका बघू नका, चिठ्ठी बघा." ही चिठ्ठी म्हणजे काय, ते कळण्यासाठी इंजेक्टर काय काम करतो हे थोडे समजून घ्यावे लागेल.

नखाएवढ्या जागेवर पिकअप

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली की ती तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की पेट घेते. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले, पण फवारा मारण्याची सुटसुटीत सोय नसल्याने ते पुष्कळ वर्षे अवजडच राहिले. १९२७ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने डिझेलचा पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला घेतला आणि हे इंजिन मालमोटारीत व पुढे ट्रॅक्टरात शिरले. आपल्याकडे १९५१ साली बंगळूरला स्थापन झालेल्या 'मायको'मुळे हा पंप आणि नोझल गावोगाव पोचले. २००८ साली त्या कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले, तरी जुने फिटर अजून 'मायकोचं नोझल' असेच म्हणतात.

त्या जुन्या पद्धतीत पंप दाब देई आणि साधारण २०० किलो दर चौरस सेंटीमीटरच्या आसपास दाब झाला की स्प्रिंगने धरलेली सुई उचलून फवारा सुटे. आपल्या बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत आणि विहिरीवरच्या इंजिनांत आजही हेच आहे. हातपंपाच्या टेस्टरवर ते पाच मिनिटांत तपासता येते. बारीक धुक्यासारखा फवारा सुटला, चर्र असा आवाज आला आणि टोकाला थेंब लोंबला नाही, म्हणजे नोझल ठीक.

आजच्या पिकअपमध्ये 'कॉमन रेल' पद्धत असते. मोटारगाड्यांत ती १९९७ पासून आली. यात एका जाड नळीत डिझेल कायम दाबून धरलेले असते, आणि गाडीचा कॉम्प्युटर प्रत्येक इंजेक्टरला विजेचा इशारा देऊन तो उघडतो आणि मिटतो. दाब चढाला १६०० किलो किंवा त्याहूनही जास्त जातो. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर अख्खी रिकामी पिकअप उभी केली तर जो भार येईल, तेवढा हा दाब. सुई आणि तिच्या घरामधली फट २ ते ४ मायक्रॉन असते, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. उघडण्याचा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात मोजतात.

काम किती पडते तेही पाहावे. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर प्रत्येक इंजेक्टरला मिनिटात १००० वेळा डिझेल मारावे लागते. तासाला ६० हजार, १०० तासांत ६० लाख वेळा. त्यातही प्रत्येक खेपेला आधी एक लहान फवारा आणि मग मोठा, असे दोन किंवा अधिक भाग असतात. एवढ्या खेपांत सुई जरा जरी उशिरा मिटली किंवा टोकाला गळू लागली, तर तो थेंब इंजिनातच जातो.

आमच्या गाडीत हेच झाले. गळणारे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑईल धुऊन खाली उतरत होते. म्हणून पट्टीवर ऑईल 'वाढले'. ते ऑईल नव्हते, डिझेल होते. पट्टीचा नुसता वास घेतला असता तरी कळले असते. वर जास्तीच्या आणि अवेळी पेटणाऱ्या डिझेलने पिस्टनचे डोके जळत होते.

बाजारात मिळतात तरी किती प्रकार?

'कंपनीचा' आणि 'बाहेरचा' एवढे दोनच भाग करून चालत नाही. दुकानात गेलात तर साधारण पाच प्रकार तुमच्यापुढे येतील.

पहिला, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला नवा. दुसरा, इंजेक्टर बनवणाऱ्या मूळ कंपनीच्या स्वतःच्या खोक्यातला नवा. गाडीची कंपनी इंजेक्टर सहसा स्वतः करीत नाही, दुसऱ्याकडून घेते. त्यामुळे नंबर तोच असेल तर हा माल पहिल्याच्या बरोबरीचा आणि पुष्कळदा थोडा स्वस्त. तिसरा, मूळ कंपनीनेच जुना परत घेऊन, आतले झिजलेले भाग बदलून पुन्हा मापात आणलेला. जुना जमा करून हा मिळतो. चौथा, स्थानिक डिझेल दुकानात नवे नोझल आणि व्हॉल्व्ह घालून दुरुस्त केलेला. पाचवा, दुसऱ्याच कंपनीने नव्याने बनवलेला.

यांखेरीज एक सहावा आहे, तो प्रकार नसून फसवणूक आहे. नाव नामांकित कंपनीचे, आत माल कोणाचा ते देवाला ठाऊक. बाहेरचा माल आणि खोटा माल यांत फरक करावा. स्वतःच्या नावाने माल विकणारा निदान जबाबदारी तरी घेतो. दुसऱ्याचे नाव छापणारा ती मुळातच टाळतो.

बाहेरचा माल म्हणजे वाईट माल, असे मी म्हणणार नाही. चौथ्या प्रकारातले चांगले इंजेक्टर वर्षानुवर्षे चाललेले आपल्यातल्या अनेकांनी पाहिले असतील. प्रश्न एवढाच, की वर सांगितलेले माप त्यात साधले आहे का, आणि ते कोणी मोजून पाहिले आहे का. नुसत्या डोळ्यांना दोन-चार मायक्रॉन दिसत नाहीत, फिटरच्याही आणि आपल्याही.

चिठ्ठी आणि कोड

चांगल्या डिझेल दुकानात कॉमन रेलचे टेस्ट मशीन असते. ते इंजेक्टरला वेगवेगळ्या दाबांवर चालवते. गाडी उभी असताना, अर्ध्या भारावर आणि पूर्ण भारावर किती डिझेल सुटते, आधीचा लहान फवारा किती, आणि परतीच्या नळीने किती मागे जाते, हे सर्व मोजून कागदावर छापते. शेजारीच कमीत कमी व जास्तीत जास्त मर्यादा दिलेल्या असतात. आकडा त्या दोहोंमध्ये बसला तर माल पास. हीच ती चिठ्ठी. उसाच्या वजनाची पावती घेतल्याशिवाय आपण काट्यावरून हलत नाही. मग हजारो रुपयांचा इंजेक्टर पावतीशिवाय का घ्यावा?

दुसरी गोष्ट कोडची. कितीही काटेकोर बनवले तरी दोन इंजेक्टर अगदी सारखे होत नाहीत. म्हणून अनेक कंपन्या प्रत्येक नग मोजून, त्याचा उणे-अधिकपणा अक्षरे-आकड्यांच्या कोडमध्ये त्याच्या डोक्यावर कोरतात. इंजेक्टर बसवल्यावर तो कोड स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरला सांगावा लागतो. मग कॉम्प्युटर त्या इंजेक्टरला किंचित कमी किंवा जास्त वेळ उघडतो. ज्या गाडीला कोड लागतो तिला तो भरला नाही, तर नवा कोरा माल टाकूनही गाडी खडखडते आणि धूर सोडते. आमच्या त्या स्वस्त इंजेक्टरवर कोड होता, पण तो कोणी भरलाच नव्हता. आम्हीही विचारले नाही.

दोष नुसता त्या नोझलचा नव्हता

एवढे ऐकून सगळा दोष त्या स्वस्त मालावर टाकून मी मोकळा झालो होतो. मिस्त्रींनी तसे होऊ दिले नाही. "पहिला कंपनीचाच होता ना? मग तो का गेला?" असे त्यांनी विचारले. त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. टाकी उतरवली तेव्हा तळाला गंजाचा लाल गाळ आणि पाणी निघाले. फडातल्या बॅरलमधून कॅनने डिझेल ओतायची आमची जुनी सवय. ट्रॅक्टरने ती निभावून नेली, पिकअपने नेली नाही. टाकी तशीच ठेवून कंपनीचा इंजेक्टर टाकला असता, तर तोही काही महिन्यांत गेला असता, आणि मी कंपनीला शिव्या देत बसलो असतो.

डिझेल हे इंजेक्टरचे वंगणही आहे. पाणी मिसळले की गंज धरतो, रॉकेल मिसळले की वंगण कमी पडते, धूळ गेली की सुई घासते. म्हणून इंजेक्टरच्या आधी डिझेलची शिस्त.

एक, फिल्टरच्या खालची पाणी काढायची चावी ठरल्या दिवशी सोडावी. दोन, फिल्टर चांगल्या कंपनीचा आणि वेळेवर बदलावा. इथे शंभर-दोनशे वाचवणे हा खोटा हिशेब आहे. तीन, नवा फिल्टर बसवताना त्यात कॅनमधले डिझेल ओतून भरू नये. ते न गाळलेले डिझेल थेट पुढे जाते. हाताच्या प्रायमरने किंवा पुस्तकात सांगितल्या रीतीने भरावा. चार, टाकी अगदी तळाला जाऊ देऊ नये, आणि रात्री शक्यतो भरलेली ठेवावी, म्हणजे आत दव धरत नाही. पाच, पंपावर टँकर नुकताच रिता झाला असेल तर थोडे थांबून डिझेल घ्यावे.

तपासल्याशिवाय बदलू नका

धूर आला, गाडी मिसिंग मारू लागली की पहिला संशय इंजेक्टरवर जातो. पण फिल्टर तुंबला, लाईनमध्ये हवा धरली, टर्बोचा रबरी पाईप फाटला, कॉम्प्रेशन गेले, तरी लक्षणे बरीचशी अशीच दिसतात. म्हणून आधी स्कॅनर लावून घ्यावा. फिटरकडून 'चार बाटल्यांची परीक्षा'ही करून घ्यावी. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन थोडा वेळ चालवतात. एक बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरली तर तो इंजेक्टर मागे गळतो. आमचा पहिला असाच सापडला असता. मात्र पुढे, म्हणजे इंजिनात गळणारा यात सापडत नाही, तो मशीनवरच कळतो. एक गेला की चारही बदलायची घाई नको. चारही तपासावेत आणि नापास झालेलेच बदलावेत.

बसवताना तांब्याचा वॉशर नवा आणि योग्य जाडीचाच हवा. जुनाच घातला की बाजूने गॅस निघून डांबरासारखी काळी काजळी साचते. नट टॉर्क पान्यानेच आवळावेत. आणि जुन्या इंजेक्टरवरचा पार्ट नंबर नव्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. बीएस-तीन, बीएस-चार आणि बीएस-सहा गाड्यांचे इंजेक्टर दिसायला सारखे असले तरी फवारा वेगळा असू शकतो.

एक जुनी सवय सोडावीच लागेल

हा भाग कृपा करून घरातल्या मुलांना आणि ड्रायव्हरला वाचून दाखवावा. ट्रॅक्टरचा कोणता सिलिंडर मिस मारतो ते पाहण्यासाठी इंजिन चालू ठेवून एकेका नळीचा नट ढिला करायचा, हे आपल्यातल्या प्रत्येकाने केलेले आहे. कॉमन रेलच्या गाडीवर हे कधीही करू नये. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. गळती शोधायला हात फिरवणेही तसेच धोक्याचे, पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. अशी जखम बाहेरून टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखत नाही, म्हणून माणूस घरी बसतो. आत डिझेल पसरत जाते आणि बोट, प्रसंगी हात गमावण्याची पाळी येते. असे घडल्यास हळद लावून बसू नये, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावे आणि 'जास्त दाबाचे डिझेल आत गेले आहे' असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

ही सूचना नव्या मोठ्या ट्रॅक्टरांनाही लागू आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले, आणि त्यांतही कॉमन रेल आले आहे.

मग घ्यावे तरी काय?

जुन्या ट्रॅक्टरसाठी किंवा साध्या पंपाच्या इंजिनासाठी नावाजलेल्या बाहेरच्या कंपनीचे नोझल टेस्टरवर लावून घेतले तर बिनधास्त वापरावे. तिथे जादा पैसे घालण्यात अर्थ नाही.

बीएस-तीन, बीएस-चारची पिकअप जुनी झाली असेल, तर मूळ कंपनीचा पुन्हा मापात आणलेला, किंवा खात्रीच्या डिझेल दुकानातला दुरुस्त केलेला, असा मधला मार्ग योग्य. अट एकच, चिठ्ठी हातात, कोड भरलेला आणि हमी लेखी.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाडीला मात्र मूळ कंपनीचाच इंजेक्टर टाकावा. या गाड्यांत धूर गाळणारी महागडी जाळी असते. इंजेक्टर गळू लागला की काजळी वाढून ती तुंबते, आणि मग इंजेक्टरच्या खर्चाच्या कितीतरी पट खर्च जाळीवर होतो. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर हात लावू देऊच नये.

आणि भाव विचारताना नुसती किंमत विचारू नये. इंजेक्टरची किंमत, मजुरी, गाडी किती दिवस उभी राहणार आणि बिघडला तर कोण भरून देणार, या चारही गोष्टींची बेरीज करून मग स्वस्त-महाग ठरवावे. आम्ही पहिलाच आकडा धरला होता.

असो. आमची पिकअप आता पुन्हा धावते आहे. तीन जुने इंजेक्टर मशीनवर पास झाले, एक मूळ कंपनीचा बसवला. चारही चिठ्ठ्या गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवल्या आहेत. फडातले बॅरल भंगारात गेले. धाकटा भाऊ अजूनही रोज पहाटे ऑईलची पट्टी काढतो. फरक एवढाच, की आता तो पट्टी आधी नाकाला लावतो आणि मग डोळ्यांनी बघतो.

सर्व सभासदांना हा हंगाम सुखाचा आणि चांगल्या उताऱ्याचा जावो.